सरावाची मुलगी

सकाळी चहात साखर ढवळता ढवळता मी आईला विचारलं, "आज मनाला कसं वाटतंय?" आणि आईनं हातातला कप बशीत ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला. "माझ्याशी ते हॉस्पिटलमधलं बोलू नकोस," ती म्हणाली, "मी तुझी पेशंट नाही." झालं, एवढंच. भांडण झालं असतं तर परवडलं असतं. आमच्या घरी भांडण रीतसर होतं, आवाज चढतात, भांडी वाजतात आणि संध्याकाळपर्यंत दोघीही विसरून जातो. हे तसं नव्हतं. मला खरं तर तिचा गुडघा कसा आहे ते विचारायचं होतं. रात्रभर ती कुशी बदलत होती, ते मी ऐकलं होतं. पण तोंड उघडलं आणि निघाला तो पगारी आवाज, खालच्या पट्टीतला, घाई नसलेला, वाक्याच्या शेवटी थोडा थांबणारा. तो मी शिकून घेतलाय, त्याच्यावर माझं घर चालतं. आता तो विचारल्याशिवाय घरात शिरतो, हे मला आईच्या कपाच्या आवाजावरून कळलं. मी "बरं" म्हणाले आणि पर्स उचलली. जिना उतरताना वाटलं, निदान गुडघ्याचं विचारायला हवं होतं. पण परत वर जाण्याइतका वेळ नव्हता, कारण आज वॉर्डातल्या बाई घरी जायच्या होत्या.

मी मनोरुग्णालयात सोशल वर्कर आहे. म्हणजे नक्की काय करतेस, असं नातेवाईक विचारतात, तेव्हा मी काहीबाही सांगून वेळ मारून नेते. खरं उत्तर असं आहे की डॉक्टर गोळ्या लिहितात, सिस्टर त्या गिळायला लावतात आणि बऱ्या झालेल्या माणसांना मी त्यांच्या घरच्यांच्या गळ्यात मारते. माणसाचं डोकं फिरतं तेव्हा सगळं घर धावत येतं, अगदी शेजारीसुद्धा गाडीत बसून येतात. तोच माणूस बरा होतो तेव्हा कुणी फिरकत नाही. पत्ता खोटा निघतो, फोन बंद असतो. पत्ता खरा असला तर दार अर्धंच उघडतं आणि आतून कुणीतरी म्हणतं, ते इथे राहत नाहीत. बोलणारा माणूस हुबेहूब आमच्या पेशंटसारखा दिसत असतो, नाक तेच, कान तेच. मी त्याच्यावर चिडत नाही. चिडायची सोय नाही, पगारी आवाजात चिडता येत नाही. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाते, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. लोक शेवटी कंटाळून हो म्हणतात. माझ्या कामात प्रेमापेक्षा कंटाळ्यानं जास्त माणसं घरी गेली आहेत, हे मी कुणाला सांगत नाही.

बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळा वॉर्ड त्यांना बाई म्हणतो, डॉक्टरसुद्धा. त्या आल्या तेव्हा मी इथे नव्हते. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत जाणारी होती. नवरा कामानिमित्त बाहेरगावी असताना बाईंना वाटायला लागलं की बाहेरची हवा बिघडली आहे, कुणीतरी मुद्दाम बिघडवली आहे. त्यांनी मुलीला घेऊन मधल्या खोलीचं दार लावलं, फटींत ओले टॉवेल कोंबले आणि मुलीनं ओरडू नये म्हणून तिच्या तोंडावर हात धरून बसल्या. शेजाऱ्यांनी दार फोडलं. त्यानंतर त्या दाराबाहेरचं आयुष्य बाईंनी पाहिलं ते आमच्याकडेच. हे त्या स्वतः सांगतात, सरळ, न रडता, एखाद्या दुसऱ्याच बाईची गोष्ट सांगावी तसं. पुढे नवरा वारला. बाई कधीच्याच बऱ्या झाल्या. शिवणखोलीत उशांचे अभ्रे शिवतात, जेवणाआधी बायकांना ओळीत उभं करून हात धुवायला लावतात आणि नव्या सिस्टरला दटावतात की गोळी देताना नाव विचारायचं असतं. डॉक्टर म्हणायचे, ही बाई इथे का आहे, खाट अडली आहे. मी म्हणायचे, घर सापडू दे. घर सापडलं गेल्या हिवाळ्यात.

मुलगी बँकेत काउंटरवर बसते. पहिल्यांदा मी बँकेतच गेले, ते चुकलंच माझं. तिनं काचेपलीकडून माझं ओळखपत्र वाचलं आणि तिच्या मानेवर लाल चट्टे उमटले. दुसऱ्यांदा तिच्या घरी गेले, सासूबाई बाहेर गेल्या असताना. घर इतकं नीटनेटकं होतं की पाण्याचा ग्लास कुठे ठेवावा हा प्रश्न पडला. माझ्या ध्यानात आलं की त्या घरात आतलं एकही दार लागलेलं नव्हतं. न्हाणीघराचं दारसुद्धा किलकिलं, त्याच्याखाली लाकडाचा तुकडा सरकवलेला. "मला दार लावून झोपता येत नाही," ती म्हणाली. "मिस्टरांना वाटतं मला गरम होतं." लग्नाआधी तिनं सासरी सांगितलं होतं की आई नाही. आता मेलेल्या आईला जिवंत कशी करणार? मी गेले, पुन्हा गेले, पुन्हा गेले. ती कधी रडली, कधी नुसती बसून राहिली, एकदा म्हणाली, "तुमच्या आईला ठेवता का तुम्ही?" मी म्हणाले, "ठेवते." "कशी आहे?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "गुडघे दुखतात." ती हसली. मला ती आवडायला लागली होती, आणि ते कामाच्या दृष्टीनं बरं नव्हतं. शेवटी तिनं हो म्हटलं, एका अटीवर. सासरी ती सांगणार होती की आईची बहीण आहे, लांब असायची, आता तिला कुणी उरलं नाही. घरात सगळ्यांनी मावशी म्हणायचं. तीही मावशीच म्हणणार. "तेवढं त्यांना समजावा," ती म्हणाली. "मला नाही जमणार सांगायला." मी म्हणाले, काळजी करू नको, ते माझं काम.

घरी सोडण्याआधी आम्ही सराव घेतो. इतकी वर्षं आत काढलेल्या माणसाला कडी काढता येत नाही. हात असतात, कडीही असते, पण माणूस दारापुढे उभा राहतो आणि कुणीतरी उघडेल म्हणून वाट बघतो. बाईंचंही तसंच झालं होतं. पहिला धडा कडीचा. मग दिव्याचं बटण, मग परवानगी न विचारता पाणी पिणं, लघवीला जाणं. त्यानंतर माणसांचा सराव. माझ्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. एका खुर्चीत मी बसले की मी मुलगी. मी बाहेर जायची, दार वाजवायची, बाई उघडायच्या आणि मी म्हणायची, "ये ना आई, बस." मग मी दमून आलेली मुलगी व्हायची, चिडलेली मुलगी व्हायची, स्वयंपाकघरात लुडबुड केलेली न खपणारी मुलगी व्हायची. बाई शिकत होत्या. तोंडाकडे नीट बघून बोलायच्या, माझ्या कपाळावर आठी आली की मागे सरायच्या. "आता चिडलीस, आता मी बोलणार नाही," असं म्हणून गालात हसायच्या. सराव संपला की माझ्यासारखीनं उठायचं, दुसऱ्या खुर्चीत बसायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, मी आता सोशल वर्कर आहे. हे आम्हाला शिकताना घोकून घेतलेलं असतं, पोहायला शिकताना काठ कुठे आहे ते आधी दाखवतात तसं. सुरुवातीला मी खुर्ची बदलत होते. मग एकदा घाई होती, एकदा बाईंनी माझ्या केसांची सुटलेली पिन नीट लावली आणि मला उठवेना. मग बदलायचं राहूनच गेलं. घरी आईशी दिवसभरात चार शब्द बोलणारी मी, त्या खुर्चीत बसून आई, आई करत होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मावशीचं मात्र सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, मी राहू दिलं. रोज ठरवायची की आज दार वाजवून आत जायचं ते "या मावशी" म्हणतच. दाराबाहेर उभी राहून तो शब्द तोंडात घोळवायची. बाई कडी काढायच्या, त्यांचा चेहरा दिसायचा आणि मी म्हणायची, "आई." मला वाटायचं, एवढी सुधारलेली बाई, हा एक शब्द ऐकून कोसळली तर? शेवटच्या दिवशी सांगू, कपडे बदलताना सांगू, मुलगी यायच्या आधी दहा मिनिटं सांगू. वॉर्डात मी सगळ्यांना सांगत फिरते की पेशंटला लहान मूल समजू नका. स्वतःच्या खोलीत मी तेच करत होते, आणि त्याला काळजी हे गोंडस नाव दिलं होतं.

मी पोहोचले तेव्हा बाईंचं गाठोडं बांधून तयार होतं. आल्या त्या दिवशीचे त्यांचे स्वतःचे कपडे स्टोअरमधून काढले होते, ते अंगाला घट्ट बसत होते आणि त्यांना कपाटाचा वास येत होता. सिस्टरनं बाह्या उसवून दिल्या होत्या. बाई खाटेवर ताठ बसल्या होत्या. शेजारच्या खाटेवरची बाई त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होती, "परत कधी येणार?" आणि बाई म्हणत होत्या, "अगं, परत यायला का जातात?" मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, आता. "बाई, एक सांगायचं राहिलंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्यात शिपाई आला, पाहुण्या आल्यात, डॉक्टरांच्या खोलीत बसवलंय. ती लवकर आली होती. बँकेतली माणसं लवकरच येतात, हे मला कळायला हवं होतं.

डॉक्टरांच्या खोलीत मुलगी दाराला टेकून उभी होती. खुर्ची दिली तरी बसली नाही. एक हात मागे दाराच्या कडेवर होता, दार लागू नये म्हणून तिनं त्यात पाऊलही ठेवलं होतं. बाई आत आल्या, थांबल्या. मुलीनं घसा साफ केला, ओठ आत ओढून घेतले आणि घरून पाठ करून आणलेलं एका दमात म्हणाली, "चला मावशी, गाडी उभी आहे." डॉक्टरांनी भुवया उचलून माझ्याकडे बघितलं, त्यांना तरी मी कुठे सांगितलं होतं? बाईंनी मुलीला पायापासून केसांपर्यंत पाहिलं, शाळेच्या गणवेशाची तपासणी करावी तसं. मग डॉक्टरांकडे वळून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "ही कोण?"

"तुमची मुलगी, बाई," डॉक्टर म्हणाले.

"ही नव्हे. माझी मुलगी मला आई म्हणते." आणि त्यांनी माझा दंड धरला. "ही माझी मुलगी. रोज येते मला भेटायला. कुणीही उठून येईल आणि मुलगी म्हणवून घेईल, तर मी कशी जाऊ?"

मी बोलायला लागले. पगारी आवाज कुठे गेला कोण जाणे, मी भराभर, अडखळत बोलत होते. सर, हा आजार नाही, ही माझी चूक आहे, मी सराव घेत होते, मी खुर्ची बदलत नव्हते, मी त्यांना मावशीचं सांगितलंच नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नाहीत, दमलेले आहेत. "तुम्ही जरा जास्तच गुंतलात," ते म्हणाले. "पण सरावानं कुणी स्वतःची मुलगी विसरत नाही. हे आतलं आहे, दबून होतं, आज वर आलं." मग ते मुलीला म्हणाले की इतक्यात नेणं धोक्याचं आहे, काही महिने बघू. मी मुलीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, खरंच भरले होते, आणि त्याच वेळी तिचे खांदे खाली आले, दिवसभर उचललेली पिशवी शेवटी जमिनीवर ठेवावी तसे. दोन्ही खरं होतं. "मी येत जाईन," ती म्हणाली. जाताना तिनं दार सताड उघडं टाकलं.

बाईंना मी माझ्या खोलीत घेऊन आले. मला त्यांचा राग आला होता, स्वतःचा त्याहून जास्त आला होता आणि तो त्यांच्यावर निघत होता. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, मी तुमची मुलगी नाही."

"मला काय वेड लागलंय?" बाई म्हणाल्या.

त्या गाठोड्याची गाठ सोडत होत्या. आतला फणी-आरसा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "दारात उभी होती तेव्हाच ओळखली. बापाचं कपाळ घेऊन आली आहे, लपणार कुठे?"

"मग? मावशी म्हणाली त्याचं वाईट वाटलं?"

"मावशी तर मावशी. झाले असते मी मावशी. शाळेत निम्म्या पोरी मला आई म्हणायच्या, निम्म्या म्हातारी म्हणायच्या. तुला आधीपासून माहीत होतं ना ते? आणि मला झेपणार नाही म्हणून बोलली नाहीस."

मी टेबलावरची फणी उगाच सरळ केली.

"तिचं पाऊल बघितलंस?" बाई म्हणाल्या. "दारात घातलेलं. एवढी मोठी झाली, नोकरी करते, संसार करते आणि अजून दारात पाऊल घालून उभी राहते. ते मी केलंय. आता मी तिच्या घरात जाऊन राहायचं आणि रोज ते पाऊल बघायचं? नको म्हटलं असतं तर तिनं मनाला लावून घेतलं असतं की मीच नीट बोलले नाही, मीच आईला घालवलं. आता तसं काही नाही. आई अजून बरी नाही, तिचा काय दोष?"

"पण तुम्ही इथे कायमच्या राहाल. कळतंय का तुम्हाला? डॉक्टर गोळ्या वाढवतील. पुढच्या वेळी मी घर शोधायला गेले तर तेच म्हणतील, हिला मुलगी ओळखता येत नाही."

"कळतंय की."

"मी जाऊन खरं सांगते त्यांना."

"सांग. मग ते तिला फोन करतील, आई शहाणी आहे, घेऊन जा. ती येईलही, गुणी आहे पोर." बाईंनी माझ्यासमोरची खुर्ची पुढे ओढली. मुलीची. "बस."

"बाई, सराव संपला आता."

"बस म्हणते ना. तू एवढे दिवस तिच्या जागी बसलीस, पण गोड गोडच बोललीस. चिडायचीस तेही गोड. आज खरं बोल. मी तुझ्या घरी येऊन राहिले, तुझ्या शेजारच्या खोलीत झोपले. तुला चालेल?"

मी बसले. बाईंनी उठून खोलीचं दार लावलं. कडी घातली, स्वतःच्या हातानं, मी शिकवली होती तशी, एका झटक्यात. मग त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांचे हात मांडीवर होते, शिवणकामानं बोटांना घट्टे पडलेले, मोठे हात. मला ते हात आवडायचे. त्या हातांनी माझे केस नीट केले होते. आता मला दिसत होतं की ते एखाद्या लहान चेहऱ्यावर ठेवले तर नाक आणि तोंड दोन्ही झाकलं जाईल. खोलीत हवा कमी झाल्यासारखी वाटली. मला कडीकडे बघायचं नव्हतं आणि मी बघितलं.

"भीती वाटते," मी म्हणाले.

"आता कशी बोललीस," बाई म्हणाल्या. त्या उठल्या, कडी काढली, दार उघडून ठेवलं. माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि मी अंग चोरलं. त्यांना ते कळलं, मला माहीत आहे, कारण त्यांनी हात लगेच काढून घेतला. "रडू नकोस," त्या म्हणाल्या. "लेकीला देण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं."

मी तोंड धुतलं आणि डॉक्टरांच्या खोलीकडे निघाले. आमचा कॉरिडॉर लांब आहे, त्यात एका बाजूला खिडक्या आहेत आणि ऊन जमिनीवर पडलेलं असतं. चालताना मी दोन्ही वाक्यं तयार करत होते. खरं सांगितलं तर बाई सुटतील आणि ती दारात पाऊल घातलेली मुलगी पुन्हा अडकेल. नाही सांगितलं तर मी एका शहाण्या माणसाला वेड्यांत ठेवून रोज संध्याकाळी घरी जाईन, चहा घेईन. माझ्या कामात असं कुठेच शिकवलेलं नाही की दोन्हीकडे माणूसच असेल तर काय करायचं. डॉक्टर डबा उघडून जेवायला बसले होते. त्यांनी घास थांबवून विचारलं, "काय म्हणते ती? आली का ताळ्यावर?"

"नाही," मी म्हणाले. "अजून मलाच मुलगी समजतात."

"मी म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले आणि सिस्टरला हाक मारून त्यांनी डोस सांगितला.

वॉर्डात बाईंनी हॉस्पिटलचे कपडे पुन्हा घातले होते आणि शेजारच्या खाटेवरची बाई टाळ्या वाजवत होती की परत आल्या, परत आल्या. सिस्टर दुप्पट गोळ्या घेऊन आली. बाईंनी तिला दटावलं की आधी नाव विचार. तिनं विचारलं. बाईंनी नाव सांगितलं, गोळ्या घेतल्या, वर पाणी प्यायल्या आणि नियमाप्रमाणे तोंड उघडून जीभ उचलून दाखवली, आधी सिस्टरला आणि मग, मी तिथे उभी होते म्हणून, मलाही.